चौथ्या ओळीतले ३७.६

१८ ऑगस्ट २०२३ रोजी तातेराव कावरखे यांच्या बँक खात्यावर ७१,२५० रुपये जमा झाले. हे त्यांचे आठ महिन्यांचे मानधन होते. त्याच आठवड्यात त्यांनी नांदेडहून ६८,४०० रुपयांचा एक संगणक आणला. उरलेल्या पैशांत दिवाळीपर्यंतचा खानावळीचा डबा कसा बसवायचा, हे विचारायला ते माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले.

मी कळमनुरीच्या एका महाविद्यालयात मुख्य लिपिक आहे. मी कागदावर आकडेमोड केली आणि सांगितले, "बसत नाही."

"व्हय, मलाबी तसंच वाटून राहिलं होतं," ते म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले.

तातेराव आमच्याकडे भौतिकशास्त्र शिकवत. तेव्हा वय बेचाळीस, अंगाने उंच, मान थोडी पुढे झुकलेली. दोन निळे आणि एक पांढरा असे तीन शर्ट. अकरा वर्षे ते तासिका तत्त्वावर होते. म्हणजे जेवढे तास घ्यायचे, तेवढ्याच तासांचे पैसे, तेही बिल मंजूर होईल तेव्हा. जूनमध्ये मी त्यांचे नेमणूकपत्र टाइप करायचो, एप्रिलच्या शेवटी ते संपायचे. मे महिन्यात ते आमचे कोणी नसत. तरी मे महिन्यातही ते सकाळी अकराला येत, प्रयोगशाळेचे कुलूप उघडून घेत आणि आत बसत. हजेरीपटावर त्या दिवसांची सही नाही.

त्यांचे गाव सेनगाव तालुक्यातले गोरेगाव. तिथे त्यांची आई द्वारकाबाई एकटी राहते. कळमनुरीत एका खताच्या दुकानाच्या वर त्यांनी खोली घेतली होती. त्या खोलीवर मी त्या सगळ्या काळात दोनदा गेलो. एक पलंग, एक पाण्याचा माठ, भिंतीला टेकवलेली पुस्तके, आणि आता मधोमध तो संगणक. दुसरी खुर्ची नव्हती. कारण दुसरे कोणी येत नव्हते. लग्नाचे एक-दोनदा जुळत आले होते. मुलीकडची माणसे प्राध्यापक म्हटल्यावर सरसावून बसत, मग पुढचा प्रश्न विचारत, "पर्मनंट ना?" तिथे चहा संपत असे.

दर शनिवारी तास संपले की तातेराव कार्यालयात येत. आमचा शिपाई शंकरसिंग तीन चहा आणत असे. एक माझा, एक त्यांचा आणि एक त्याचा स्वतःचा. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. बिल, पावती, शिल्लक यांपलीकडे माझे वाचन नाही. पण त्या शनिवारांमुळे मला तातेरावांचा विषय थोडाफार कळू लागला.

"साहेब, दोन ताऱ्यांच्या मधी काय असतंय?" त्यांनी एकदा विचारले.

"काही नसतं. मोकळं आकाश."

"असतंय. लई विरळ वायू असतोय. त्यातले काही अणू फुटलेले असतात, त्यांच्यावर विजेचा भार असतोय. त्याला आमी प्लाझ्मा म्हणतो. ते अणू चुंबकी रेषांना बांधलेले. रेषा हलली की ते हलणार. अन् काही अणू साबूत असतात. त्यांच्यावर भार न्हाई, म्हणून रेषा त्यांना धरत न्हाई. ते उदासीन अणू."

"मग?"

"मग तो सगळा वायू सारखा खळबळून राहिलाय. तारे फुटतात, ढवळाढवळ होती. मोठ्या भोवऱ्यातून बारके भोवरे, त्याच्यातून आणखी बारके. प्रश्न असा, की हे उदासीन अणू त्या खळबळीचं काय करतात?"

माझ्या चेहऱ्यावरून त्यांना काय ते समजले असावे. त्यांनी पेला खाली ठेवला.

"तुमी खळं पाहिलंय का साहेब? यंत्र येण्याच्या आधीचं?"

मी पाहिले होते.

"मधल्या खांबाला बांधलेले बैल गोल फिरून राहिलेत. त्यात एक मोकळं वासरू शिरलं. वासरू पार कडेला असलं तर बैलांना पत्ताच न्हाई. अन् ते बैलांच्या मधी गच्च दाबलं गेलं, तर तेबी त्यांच्यासंगं मुकाट चालतंय. दोन्हीकडं तकलीफ न्हाई. पण वासरू घडीत आत, घडीत बाहेर असलं तर?"

"बैल अडखळतात."

"बराबर! सगळा जोर त्या घासाघाशीत जातोय. त्याची उष्णता होती अन् खळबळ तिथंच मरती. अणूंच्या धडका फार कमी असल्या तर खळबळीला फरक पडत न्हाई. फार जास्त असल्या तरी न्हाई, कारण मग सगळे एकत्रच हलतात. मधल्या मापाच्या धडका असल्या की सगळ्यात जास्त जोर खर्च होतो. तो किती, ते मी मोजून राहिलो."

शंकरसिंग दाराला टेकून ऐकत होता. तो म्हणाला, "घडीत आत, घडीत बाहेर. म्हंजे तासिकावाले सर."

तातेराव मोठ्याने हसले. "शंकरसिंग, तुलाच पीएच.डी. देऊन टाकू का?"

"नको सर. आपुन पर्मनंट हाव."

यावरही तातेराव हसले, पण थोडे उशिरा.

हीच त्यांची पीएच.डी. होती. पात्रता परीक्षा त्यांची तीनदा थोडक्या गुणांनी हुकली होती, त्यामुळे कायम जागेवर लागायचे तर पीएच.डी. हातात असणे भाग होते. नोंदणीची मुदत २९ फेब्रुवारी २०२४ला संपत होती. त्यातच जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयाला भौतिकशास्त्राची एक जागा भरायला परवानगी मिळाल्याची बातमी आली. जाहिरात त्या वर्षात निघणार होती. अशी जागा आमच्या भागात मागच्या अकरा वर्षांत एकदाच निघाली होती. तातेरावांनी हा सगळा हिशेब मला एकाच वाक्यात सांगितला होता, "साहेब, ही गेली तर मग मी गोरेगावलाच."

संगणक त्यासाठीच होता. त्यात त्यांनी आकाशाचा एक चौकोनी तुकडा आकड्यांत मांडला होता. त्यात प्लाझ्मा, उदासीन अणू, चुंबकी रेषा, आणि बाहेरून ढवळणारा जोर. धडकांची सात मापे ठरवली होती. एकेका मापाला संगणक सतत तीन आठवडे चालायचा. वीज गेली की इन्व्हर्टरवर, इन्व्हर्टर संपला की बंद. मग शेवटी जिथे साठवले असेल तिथून पुन्हा. ऑक्टोबरच्या उन्हात ते यंत्र इतके तापू लागले, की तातेरावांनी मालकाकडून कूलर मागून आणला, तो संगणकासमोर लावला आणि स्वतः जिन्यात बसून पेपर तपासू लागले.

शंकरसिंगने ते पाहिले आणि कार्यालयात येऊन सांगितले, "बडे बाबू, कावरखे सरचं लगीन झालं. बाई कूलरम्होरं बसती अन् सर जिन्यात."

फेब्रुवारीच्या मध्यावर सातवे माप पूर्ण झाले. प्रबंधाचा मजकूर तयार होता, फक्त कोष्टके टाइप करायची राहिली होती. ती तातेरावांच्या वहीत पेन्सिलीने लिहिलेली होती. त्याच आठवड्यात बारावीची परीक्षा सुरू झाली आणि पर्यवेक्षणाला त्यांचे नाव लागले. सकाळी साडेनऊ ते दुपारी अडीच परीक्षेच्या खोलीत, फोन बंद. त्यातून त्यांना तापही आला होता.

"कोष्टकं माझ्याकडे द्या," मी म्हणालो. "तेवढं तर मला येतं."

त्यांनी वही माझ्या हातात दिली. "तुमी करणार म्हणल्यावर चिंताच न्हाई."

२६ फेब्रुवारीला, सोमवारी, मी कोष्टके करायला बसलो. सहा कोष्टके सरळ होती. सातवे महत्त्वाचे होते. त्यात सात ओळी होत्या, धडकांच्या सात मापांच्या. प्रत्येक ओळीत तीन आकडे, टक्क्यांत. बाहेरून दिलेल्या जोरापैकी किती बारक्या भोवऱ्यांत विरून गेला, किती चुंबकी रेषांत साठून राहिला, आणि किती उदासीन अणूंच्या घासाघाशीत गेला. हा तिसरा आकडा म्हणजेच त्यांचे पाच वर्षांचे काम. चौथ्या ओळीत, मधल्या मापाला, तो सगळ्यात मोठा होता. ३७.६.

मी सवयीने बेरीज घातली. ३८.५, १७.७ आणि ३७.६, मिळून ९३.८. शंभर होत नव्हते. वरची ओळ पाहिली, तिथेही नाही. एकाही ओळीत नाही.

पगारबिलात असे झाले, की आम्ही काय करतो ते इथे सांगितले पाहिजे. टक्केवारीने कपाती काढल्या की पैशा-दोन पैशांचा फरक राहतो. तो शोधत बसायला वेळ नसतो. म्हणून तो फरक शेवटच्या रकान्यात टाकतात आणि बेरीज जुळवतात. न जुळलेला कागद कोषागार परत पाठवते. मी नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला हे शिकवण्यात आले, आणि छत्तीस वर्षांत माझा एकही कागद त्या कारणाने परत आलेला नाही.

इथे फरक पैशांचा नव्हता, सहा टक्क्यांचा होता. हे मला दिसत होते. मी तातेरावांना फोन लावला, तो बंद होता. शंकरसिंगला परीक्षेच्या खोलीकडे पाठवावे असेही एकदा वाटले. पण टक्केवारी म्हणजे शंभर, आणि वहीत उतरवताना तापात त्यांच्याकडून काही राहिले असेल, असे मी धरून चाललो. सातही ओळींतला फरक मी शेवटच्या रकान्यात टाकला. चौथ्या ओळीतले ३७.६ हे ४३.८ झाले. बेरीज जुळली. वहीचे पान उलटून पाहिले असते तर मागच्या बाजूला तातेरावांची टीप होती. बेरीज शंभर होत नाही, राहिलेल्या जोराचा हिशेब सध्याच्या पद्धतीने लागत नाही, आकडे आहेत तसेच ठेवावेत. त्या पानावर कोष्टक नव्हते, म्हणून मी ते उलटले नाही.

संध्याकाळी तातेराव आले. डोळे लाल झाले होते. मी कोष्टकांची पाने पुढे केली.

"एकदा नजर टाका."

"तुमी केलंय म्हणल्यावर काय पाहायचं साहेब?" ते म्हणाले, आणि पाने तशीच प्रबंधात लावली. मुदतीच्या एक दिवस आधी प्रबंध विद्यापीठात गेला.

त्यानंतरचे सात-आठ महिने तातेराव हलके झाल्यासारखे वागत होते. ऑगस्टमध्ये त्या जागेची जाहिरात निघाली, त्यांनी अर्ज केला. मुलाखत १२ डिसेंबरला ठरली. त्या दिवसापर्यंत पदवीची अधिसूचना हातात हवी होती. परीक्षकांचे अहवाल आले, की तोंडी परीक्षा, आणि तोंडी परीक्षेनंतर आठवड्याभरात अधिसूचना. वेळ पुरेसा होता.

२५ ऑक्टोबर २०२४ रोजी, दिवाळीच्या तोंडावर, अहवाल आले. तातेराव ते दोन कागद घेऊन थेट माझ्याकडे आले. पहिल्या परीक्षकाने शिफारस केली होती. दुसऱ्याने लिहिले होते, की सातव्या कोष्टकात प्रत्येक ओळीची बेरीज नेमकी शंभर आहे, आणि अशा गणनेत असे कधीही होत नाही. शिवाय त्याच कोष्टकात चौथ्या ओळीतला शेवटचा आकडा ४३.८ आहे, तर पुढच्या पानावरच्या मजकुरात ३७.६ आहे. आकडे जुळवून लिहिले आहेत काय, याचा खुलासा मूळ नोंदींसह करावा. तोपर्यंत प्रबंध मान्य करता येणार नाही.

"साहेब, हे ४३.८ कुठून आलं?" तातेरावांनी विचारले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "मी तर ३७.६ काढलं होतं. का पानं लावताना तापात मीच काही बदललं?"

मी कागद हातात घेतला. सगळे मला तिथेच कळले. बोलायला तोंड उघडले, आणि म्हणालो, "पाहावं लागेल."

"चौथं माप पुन्हा चालवतो. तीन आठवडे लागतील. तोवर पंधरा नोव्हेंबर होईल. मग बारा डिसेंबरच्या आत..." ते बोटांवर मोजत बाहेर गेले.

मी अकरा दिवस गप्प राहिलो. माझी निवृत्ती दीड वर्षावर आली होती. लेखी कबूल केले तर चौकशी लागेल, सेवापुस्तकात नोंद होईल, असे काहीतरी मनात येत होते. नीट विचार केला तर त्यातले काही होणार नव्हते. मला फक्त त्यांच्यासमोर ते बोलायचे नव्हते. ते सुट्टीत खोलीवर बसून संगणक चालवत होते. आईसाठी तीन दिवस गोरेगावला गेले, तेव्हा वीज गेली तर काय करायचे हे शंकरसिंगला शिकवून, किल्ली त्याच्याकडे देऊन गेले.

दिवाळीच्या चौथ्या दिवशी शंकरसिंग माझ्या घरी फराळाला आला आणि सहज म्हणाला, "कावरखे सर वहीकडं पाहून पाहून येडं व्हायलेत. मला म्हणाले, शंकरसिंग, माणसाला आपलं हात काय करतेत तेबी समजत नसंल का?"

५ नोव्हेंबरला सकाळी मी खुलासा टाइप केला. काय केले, कोणत्या दिवशी, कोणत्या सवयीने, कोणते सात आकडे बदलले, मूळ आकडे कोणते. खाली सही केली, पदनाम लिहिले. मग हिंगोलीची बस, आणि तिथून गोरेगावची जीप. जीपमध्ये माझ्या मांडीवर एका बाईची हरभऱ्याच्या बियाण्याची पिशवी होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हळद कमरेएवढी उभी होती. उतरेपर्यंत मी तो कागद चार वेळा खिशातून काढला.

द्वारकाबाई ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा सोलत होत्या. "या सायेब. आमचं पोरगं माळवदावर बसून राहिलंय. सणाचं बी वहीच घेऊन बसलंय. तुमी तरी सांगा त्याला."

तातेराव खाली आले. मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उभ्यानेच वाचला. मग वही आणली, ते पान उलटले, टीप वाचली, पुन्हा कागद वाचला.

"म्हंजे माझं चुकलं न्हवतं?"

"नाही."

"काहून सांगितलं न्हाई त्याच दिवशी?"

मी ओट्यावर बसलो.

"अकरा दिवस मी मलाच चोर समजून राहिलो, साहेब," ते म्हणाले. ओरडले असते तर बरे झाले असते. ते शेजारी बसले आणि सोललेल्या दाण्यांतला एक उचलून बोटांत फिरवत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "तो राहिलेला जोर... तो हिशेबात न येणारा भागच मला पुढं शोधायचा होता. तुमी तोच बुजवला."

द्वारकाबाई आतून चिवडा आणि चहा घेऊन आल्या. त्यांना आमच्यातले काही माहीत नव्हते. मला म्हणाल्या, "सायेब, डिसेंबरात व्हतंय नं हे पर्मनंट? म्या नरसीला नामदेवाला नवस बोलून ठिवलाय."

मी तातेरावांकडे पाहिले.

"व्हतंय, माय," ते म्हणाले.

पुढचे सारे कागदोपत्री झाले. माझा खुलासा, तातेरावांच्या मूळ नोंदी आणि मार्गदर्शकांचे पत्र असे एकत्र करून विद्यापीठात गेले. कोष्टक दुरुस्त करून प्रबंधाच्या पाच प्रती पुन्हा बांधायला लागल्या. बांधणीवाल्याकडे मी त्यांच्यासोबत गेलो आणि पैसे मीच देणार असे सांगितले. मी पाकीट काढेपर्यंत त्यांनी ६४० रुपये देऊन पावती खिशात घातली होती.

परीक्षकाचे उत्तर यायला वेळ लागला. १२ डिसेंबरची मुलाखत झाली. तातेराव तिथे गेले होते. कागद तपासणाऱ्याने अधिसूचनेची प्रत मागितली, ती नव्हती, म्हणून त्यांना आत सोडले नाही. हे मला शंकरसिंगकडून कळले. दुसऱ्या दिवशी त्यांचे दोन तास होते, ते त्यांनी घेतले. जागेवर जालन्याकडचा एक मुलगा लागला. तो बत्तीस वर्षांचा होता आणि चांगला होता असे म्हणतात.

तोंडी परीक्षा ११ फेब्रुवारी २०२५ला झाली. साठ माणसांच्या सभागृहात मार्गदर्शक, विभागातले दोघे, मी आणि शंकरसिंग होतो. खुलासा मागणारा परीक्षक पडद्यावर होता. तातेरावांनी पांढरा शर्ट घातला होता. ते पाऊण तास बोलले. वर्गात किंवा माझ्या टेबलासमोर बोलायचे तसे ते बोलले नाहीत, पुस्तकी भाषेत, सावकाश बोलले. खळे आणि वासरू त्यात कुठे आले नाही. पण मधल्या मापाचा मुद्दा आला तेव्हा शंकरसिंगने मला कोपराने ढोसले, म्हणजे त्याला तो कळला होता.

शेवटी परीक्षकाने विचारले, "चौथ्या ओळीतले सहा पूर्णांक दोन दशांश टक्के कुठे गेले?"

"माहीत नाही, सर," तातेराव म्हणाले.

"काही अंदाज?"

"तीन अंदाज आहेत. तिन्ही तपासले. तिन्हींनी मिळून दोन टक्क्यांच्या वर जात नाही."

परीक्षकाने कोष्टकाचे पान पुन्हा पाहिले. मग म्हणाला, "हे तुम्ही आधीच असेच लिहिले असते, तर मी प्रश्न विचारला नसता."

तातेरावांनी माझ्याकडे पाहिले नाही. "बरोबर आहे, सर," एवढेच म्हणाले.

डॉक्टर कावरखे म्हणून पहिला फोन त्यांनी आईला लावला. मी जिन्यात मागे होतो. "व्हय माय, झालं... न्हाई, त्ये येगळं... त्ये पुढच्या टायमाला... जेवलीस का तू?" त्यांनी फोन खिशात ठेवला. मी पेढ्यांचा पुडा पुढे केला. त्यांनी एक घेतला, शंकरसिंगला दिला आणि म्हणाले, "चार वाजताची बस हाय." मी आणि शंकरसिंग महाविद्यालयाच्या गाडीने आलो. गाडीत जागा होती.

त्यानंतर शनिवारचा चहा बंद झाला. भांडण झाले असे कोणी म्हणणार नाही. ते येत, सही करत, "नमस्कार साहेब" म्हणत आणि प्रयोगशाळेकडे जात. शंकरसिंगने काही शनिवारी सवयीने तीन चहा आणले, मग दोन आणू लागला. मी त्यांच्या बिलात नावापुढे डॉ. लावले. दर तासाची रक्कम तीच राहिली.

जून २०२५मध्ये भौतिकशास्त्राला फक्त नऊ मुलांनी प्रवेश घेतला. तास कमी झाले, त्यांचे नेमणूकपत्र निघाले नाही. तसे पत्र मला त्यांना द्यावे लागले नाही, कारण न निघालेल्या पत्राचे पत्र नसते. ते आता वाशिमला एका खासगी शिकवणीत अकरावी-बारावीला शिकवतात. तिथल्या खोलीत सहा जण राहतात, म्हणून संगणक त्यांनी आमच्या प्रयोगशाळेत ठेवला आहे. तो चालू आहे. त्यांनी आठवे आणि नववे माप लावून दिले आहे. शंकरसिंग रोज सकाळी पडद्याचा फोटो काढून त्यांना पाठवतो. वीज गेली तर पुन्हा सुरू कसे करायचे, ते त्याला येते. मला येत नाही, आणि मला कोणी शिकवलेले नाही.

परवा मी प्रयोगशाळेत गेलो होतो, साहित्याची मोजणी करायला. संगणकाचा पंखा चालू होता. पडद्यावर आकड्यांच्या ओळी वर सरकत होत्या.

"सर काय म्हणतात?" मी शंकरसिंगला विचारले.

"काय म्हणत्यात. आज बेरीज ९४.१ आलीय, असं म्या कळवलं. ते म्हणाले, बराबर, तसंच ऱ्हाऊ दे."

"माझं काही विचारलं?"

"न्हाई, बडे बाबू." मग त्यालाच वाईट वाटले असावे. "घाईत असत्यात हो. येका मागं येक बॅच."

येत्या मेअखेर मी निवृत्त होतो. टेबलाचे खण रिकामे करताना बांधणीवाल्याची ती पावती सापडली. तातेरावांच्या खिशातून ती कधीतरी प्रबंधाच्या कागदांत आली असणार. ते पैसे मी त्यांना फोनवरून दोनदा पाठवले. दोन्ही वेळा पाच मिनिटांच्या आत ते परत आले, सोबत एक शब्दही नव्हता.

डॉ. तातेराव कावरखे यांचे माझ्याकडे ६४० रुपये येणे आहे.